डब्यावर भंडारा रोड, आत संत्रा

भंडाऱ्यात नागपूरहून कोणी आलं की प्रवास कसा झाला हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "काय आणलं जी?" मग पिशवीत हात जातो आणि बहुतेक वेळा पुठ्ठ्याचा एक डबा बाहेर निघतो. संत्रा बर्फी.

डबा हातात आला की मागची बारीक अक्षरं वाचायची खोड मला शाळेपासून आहे. एकदा त्या अक्षरांत 'भंडारा रोड' दिसलं आणि मी घरभर नाचत सांगितलं की ही बर्फी आपल्याच गावात होते. आजोबांनी चष्मा वर करून पत्ता वाचला आणि म्हणाले, "रस्ता आपला आहे बापू. बर्फी नागपूरचीच."

खरंच तसं आहे. हल्दीरामच्या नागपूरच्या कंपनीचा पत्ता जुना पारडी नाका, भंडारा रोड. नागपुरातून भंडाऱ्याकडे निघालं की पारडी, कापसी, महालगाव, गुमथळा, माथनी, मौदा अशी गावं लागतात. त्यातल्या गुमथळ्याला, म्हणजे कामठी तालुक्यात, याच रस्त्यावर हल्दीरामचा कारखानाही आहे. भंडारा जिल्ह्याची हद्द त्याच्या बरीच पुढे सुरू होते. म्हणजे देशभर जाणाऱ्या पाकिटांवर आमच्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असतं, आणि जिल्ह्याला बर्फी मात्र पाहुण्यांच्या हातूनच मिळते.

हा पत्त्याचा घोळ सोडवायला गेलं की कळतं, या बर्फीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गावची आहे.

नागपूरचा संत्रा कुठला?

आधी संत्र्याचंच घ्या. नागपूर ही संत्रानगरी, पण सांगतात असं की नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून रोपं आणली आणि सीताबर्डीला आपल्या परसबागेत लावली. म्हणजे विदर्भाची शान मराठवाड्यातून आलेली. हे वाक्य नागपुरात मोठ्याने म्हणू नये.

आणि आज 'नागपुरी संत्रा' म्हणून जो विकला जातो तो शहरात कुठे पिकतो? तो येतो काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरातून, आणि त्याहून जास्त अमरावती जिल्ह्यातल्या वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपुरातून. नागपूरचं नाव आहे ते बाजारपेठेमुळे. रेल्वे स्टेशनच्या पूर्वेकडच्या भागाचं नावच संत्रा मार्केट आहे. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'नागपूर संत्रा' याच नावाने. वरूडचा शेतकरी यावर हसतो, पण तक्रार करत नाही, कारण नागपूर म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं.

बरं, झाड तरी एक असावं? तेही दोन झाडांचं मिळून. खाली जंबेरीचा खुंट, म्हणजे आंबटढोण रानटी लिंबाची मुळं, आणि वर संत्र्याचा डोळा भरलेला. वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिका या डोळे भरण्याच्या कामासाठी नावाजलेल्या आहेत. धारदार चाकूने खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, त्यात कळी सरकवायची, वर पट्टी गुंडाळायची. सराईत माणसाचा हात इतका झरझर चालतो की बघणाऱ्याला आधी चाकू दिसतो आणि नंतर फक्त पट्टी.

मोसंबीची आई

२०१८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास आला. या सगळ्या फळांचं माहेर आसाम, म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत यांच्या पट्ट्यात, हिमालयाच्या दक्षिण-पूर्व पायथ्याशी निघालं. आणि संत्रा हा या घराण्यातल्या मूळ पुरुषांपैकी एक. मोसंबी ज्या गोड जातीत मोडते ती संत्रा आणि पपनस यांच्या संकरातून झालेली. तेव्हा आजारी माणसाला भेटायला जाताना संत्रा न्यावा की मोसंबी, हा वाद म्हणजे आई चांगली की लेक चांगली असा आहे. जालन्याच्या लोकांनी माफ करावं.

संत्रा हा शब्द पोर्तुगीज का?

लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं गाव आहे. पोर्तुगीजांनी तिथली फळं आणली म्हणून 'संत्रा', ही व्युत्पत्ती जुन्या कोशात सापडते आणि अजूनही लोक ती हौसेने सांगतात. पण बाबराने हिंदुस्थानातल्या फळांची यादी लिहिली तिच्यात 'संगतरा' आहे, आणि बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीज किनाऱ्याला लागून तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षं झाली होती. तेवढ्यात एका गावाचं नाव उत्तरेपर्यंत जाऊन, घासून, फळाचं होऊन बसलं असेल? मला पटत नाही. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त सिल्हेटच्या गोड 'सुंतऱ्या'चा उल्लेख आहे, आणि सिल्हेट त्या आसामच्या माहेराला लागूनच आहे.

'नारंगी'चा प्रवास मात्र नक्की माहीत आहे. संस्कृत 'नारंग', फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारांहा', आणि इंग्रजांपर्यंत पोचताना सुरुवातीचा 'न' गळून 'ऑरेंज'. तोच शब्द फिरून परत आपल्या मेट्रोवर येऊन बसला. मेट्रोचं पुढे सांगतो.

'बर्फी'ही फारसीच. बर्फ म्हणजे हिम. पांढरीशुभ्र वडी म्हणून ते नाव पडलं. त्या नात्याने संत्रा बर्फी म्हणजे केशरी बर्फ.

बिकानेरचा माणूस

आता ही बर्फी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांच्याकडे येऊ. हल्दीराम हे खरं नाव नव्हे. गंगाबिशन अग्रवाल हे नाव. रंगाने पिवळसर गोरे म्हणून घरच्यांनी हळदीवरून हल्दीराम म्हणायला सुरुवात केली. बिकानेरात मटकीच्या पिठाची बारीक भुजिया त्यांनी नावारूपाला आणली आणि १९३७ हे साल कंपनी आपल्या सुरुवातीचं म्हणून सांगते.

नागपूरला आले ते त्यांचे नातू शिवकिसन अग्रवाल, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. पवित्र कुमार यांच्या 'भुजिया बॅरन्स' या २०१६ च्या पुस्तकात या घराण्याची कथा आहे. नागपूरकरांना तेव्हा भुजियाचं फारसं कौतुक नव्हतं, आणि काजूकतली तर बहुतेकांनी पाहिलीही नव्हती. मग दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला तुकडा तुकडा फुकट चाखायला द्यायचा, अशी युक्ती चालवली गेली. तिखटखाऊ म्हणून मिरवणाऱ्या, सावजी रश्श्यावर वाढलेल्या शहराला गोडाची चटक लावणं हे सोपं काम नव्हतं. पण तर्री पोहे खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी आलेला माणूस गोडाला नाही म्हणत नाही, हा मानसशास्त्राचा भाग असावा.

पुढे या एका आडनावाची चार-पाच दुकानं झाली. नागपूर, दिल्ली, कोलकाता, बिकानेर, सगळे आपापले वेगळे. बिकानेरच्या शिवरतन अग्रवालांनी तर १९९३ मध्ये 'बिकाजी' असं वेगळंच नाव घेतलं, बिकानेर वसवणाऱ्या राव बिकांवरून. दिल्लीकर आणि नागपूरकर शाखांनी आपला पाकीटबंद मालाचा धंदा एकत्र केला, आणि मार्च २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने त्यातला सुमारे १० टक्के वाटा घेतला. सगळ्या कंपनीचं मोल तेव्हा सुमारे १० अब्ज डॉलर धरलं गेलं. थोडक्यात, पारडी नाक्याच्या बर्फीत आता सिंगापूरचाही हात आहे.

आंबट फळ आणि दूध यांचं लग्न

ही बर्फी चाखणारे पुष्कळ, पण तिच्यातली खरी करामत फार थोड्यांच्या लक्षात येते. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. संत्र्याच्या रसात तेच आम्ल आहे. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन सामू ४.६ च्या आसपास आलं की गोळा होऊन बसतं, आणि संत्र्याचा रस साधारण त्याहून आंबटच असतो. मग खव्यात संत्रा घालून वडी गुळगुळीत राहते कशी?

मी हे ठेच खाऊन शिकलो. एका डिसेंबरात, घरी कोणी नसताना, उकळत्या दुधात तीन संत्र्यांचा रस ओतला. दोन मिनिटांत कढईत हिरवट पाणी आणि वर तरंगणारे लोळे. आजी आली, कढईत डोकावली, काही बोलली नाही. फडक्यातून गाळून त्यात साखर घालून तिने ते आम्हाला खाऊ घातलं. चवीला वाईट नव्हतं, पण ती बर्फी नव्हती.

गंमत पाण्यात आहे. खव्यात पाणी फार कमी उरलेलं असतं आणि दुधाचं आटणं आधीच झालेलं असतं. रसही असाच आधी आटवून घ्यायचा. पाणी गेलं, साखरेने जोर धरला, की आम्लाचा दंगा बराचसा आवरतो. म्हणून कृतीत क्रम चुकवायचा नाही.

चार-पाच मध्यम संत्री घ्या. सोला. पाकळ्यांवरचे पांढरे दोरे एकेक करून काढा, इथे घाई केली तर बर्फी कडू होते. मग प्रत्येक पाकळीच्या पाठीवर नखाने चीर पाडून पापुद्रा आणि बिया बाजूला करा. उरलेला गर साधारण वाटीभर निघतो, आणि निम्मा खाल्ला जातो, म्हणून एखादं संत्रं जास्तच घ्या. तो गर पाऊण वाटी साखरेबरोबर मंद आचेवर ठेवा. आधी तो सुटा, पातळ होतो आणि वाटतं बिघडलं. हलवत राहा. दहा-पंधरा मिनिटांत बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, उलथन्याने तळाला रेघ ओढली की ती क्षणभर टिकते. आता गॅस अगदी बारीक करून पाव किलो खवा हाताने कुसकरून घाला. मिश्रण कढईचे काठ सोडून मधे गोळा होऊ लागलं की उतरवा, तूप लावलेल्या ताटात थापा. शेवटी चिमूटभर किसलेली साल. फक्त केशरी भाग किसायचा, पांढऱ्याला स्पर्शही नको.

ती चिमूटभर साल सोडू नका. संत्र्याचा ओळखीचा वास रसात कमी आणि सालीत जास्त असतो. सालीच्या तेलात लिमोनिन नावाचं द्रव्य असतं, तो वास त्याचा. लहानपणी साल मेणबत्तीसमोर पिळून ठिणग्या उडवल्या असतील, किंवा भावाच्या डोळ्यात पिळून मार खाल्ला असेल, तर या तेलाशी तुमची ओळख जुनीच आहे.

कडूपणाचं आणखी एक गुपित आहे. ताज्या संत्र्याचा रस काढला की गोड लागतो. तोच काही तास ठेवला किंवा तापवला की कडवट होतो. फळाच्या पापुद्र्यात आणि बियांत असलेलं, चव नसलेलं एक द्रव्य रसातल्या आम्लामुळे हळूहळू कडू होत जातं. या उशिराच्या कडूपणाने नागपुरी संत्र्याला बाटलीबंद रसाच्या धंद्यात बरंच मागे ठेवलं. बर्फीत साखर आणि खव्याचं तूप हा कडूपणा झाकून टाकतात. रसाला जे जमलं नाही ते मिठाईने करून दाखवलं, असं मी तरी मानतो.

आणि घरी केलेली बर्फी भडक केशरी होत नाही. ती होते फिकट पिवळसर, फारतर पिकलेल्या पपईच्या आतल्या सालीसारखी. दुकानातली वडी नारंगी रंगाने झळाळत असेल तर त्यात रंग घातलेला असतो. पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं, वाचून बघा.

कल्हईचा प्रश्न

इथे भंडाऱ्याला मधे बोलायचा हक्क आहे. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. रतनपूरच्या इ.स. ११०० च्या शिलालेखात गावाचं नाव 'भाणारा' असं आलं आहे, आणि त्याचं नातं 'भाण' म्हणजे पितळेशी जोडतात. आमच्या आजीकडे पितळी कढया होत्या, पण संत्र्याला हात लागला की ती आधी कढईचा तळ बघायची. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवलं तर ते कळकतं. हिरवट चव येते आणि पोटाला बाधतं. कल्हईवाले आता वर्षातून एकदाही गल्लीत फिरकत नाहीत, म्हणून संत्रा स्टीलच्या किंवा जाड बुडाच्या नॉनस्टिक कढईतच शिजवावा. पितळेच्या गावात राहून हे लिहायला बरं वाटत नाही, पण पोट आपलं आहे.

मग भंडाऱ्यात संत्रा का नाही?

साठेक किलोमीटरवर नागपूर, तिथला संत्रा जगात गाजलेला, आणि इकडे सातही तालुक्यांत धानच धान. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, कुठेही पावसाळ्यात जा. पऱ्हे, रोवणी, बांध्या, धुरे हेच शब्द कानावर पडतील. कारण साधं आहे. धानाला पायाशी पाणी हवं असतं. बांधीला धुरा घालून आम्ही पाऊस अडवतो, त्यावर मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचं पाणी. संत्र्याला याच्या नेमकं उलट लागतं. मुळाशी पाणी तुंबलं की त्याला मूळकूज होते, खोडातून डिंक गळू लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात आणि ते नाव ऐकताच गप्प होतात.

शिवाय संत्र्याला उपाशी ठेवावं लागतं. मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, पानं मलूल होईपर्यंत. मग मृगाचा पाऊस पडला की झाड घाबरून फुलतं, आणि फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. आंबिया बहाराला हिवाळ्यातली थंडीच ताण देते. जानेवारी-फेब्रुवारीत फूल, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फळ. धानाच्या शेतकऱ्याला पीक तहानेने व्याकुळ करायचं हा विचारच सहन होणार नाही.

पटापट

ऑक्टोबरात हिरवट दिसणारं संत्रं कच्चंच असतं असं नाही. सालीला केशरी रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. गोडी आत तयार होते, रंग थंडीच्या तारखेने येतो.

विदर्भात 'एक संत्रा द्या' हे वाक्य कुठल्या दुकानात म्हणता त्यावर सगळं अवलंबून आहे. देशी दारूचा संत्र्याच्या स्वादाचा प्रकार इतका रुळलेला आहे की काही लोकांच्या तोंडी संत्रा म्हणजे तोच. बर्फी आणायला धाडलेल्याला 'बर्फी' हा शब्द ठासून सांगावा.

पाकळीच्या आकाराची, साखर घोळलेली संत्रा गोळी काचेच्या बरणीतून मिळायची ती आठवत असेल. तिच्यात संत्र्याचा संबंध फक्त आकाराशी होता. तरी चव जिभेवर बसली आहे.

नागपूरच्या मेट्रोच्या एका मार्गिकेचं नाव ऑरेंज लाइन. ती खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. काटोलच्या बागा पश्चिमेला राहिल्या आणि बर्फीचा रस्ता पूर्वेला. भंडारा रोडच्या दिशेने प्रजापती नगरकडे जाते ती ॲक्वा लाइन. नाव ठेवणाऱ्याला बर्फी आवडत नसावी.

नागपुरात संत्र्यावर केंद्र सरकारची संशोधन संस्था १९८५ पासून आहे. २०१४ मध्ये तिचं नाव केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था झालं. त्याच वर्षी मानांकनही मिळालं. संत्र्याच्या पत्रिकेत ते वर्ष चांगलं होतं.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरतं, १९५३ च्या नागपूर कराराला धरून. संत्राही तेव्हाच पिकतो. विधानभवनाच्या पायऱ्यांवर संत्र्यांच्या माळा गळ्यात घालून विरोधकांनी आंदोलन केलेलं आहे. संध्याकाळी त्याच आमदारांचे कार्यकर्ते मुंबईच्या गाडीसाठी बर्फीचे डबे बांधून घेतात. सत्ताधाऱ्यांचेही.

नोगा, म्हणजे काय ते आता कळलं?

विदर्भातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी नोगाच्या जॅमची किंवा स्क्वॅशची बाटली आलेली असते. आमच्या वर्गात निम्म्या पोरांना वाटायचं नोगा हे बाईचं नाव आहे. ते आहे 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन' या बागायतदारांच्या संघटनेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. पुढे तो कारखाना महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. म्हणजे फळ पिकवणाऱ्यांनी स्वतःच बाटलीपर्यंत जायचा प्रयत्न बर्फीच्या कितीतरी आधी केला होता.

तो प्रयत्न का महत्त्वाचा, हे चुरी पाहिली की समजतं. चुरी म्हणजे बागेतून निघालेली लिंबाएवढी, डागाळलेली, बाजारात कोणी हात न लावणारी संत्री. गोड असतात, पण दिसायला गरीब. मोठं फळ पेटीत बसून दिल्ली-कोलकात्याला जातं, आणि चुरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढीग होऊन पडून राहते. गर करायला तिच्यासारखं फळ नाही. विदर्भात लाखाहून जास्त हेक्टरवर संत्रा आहे. त्यातल्या चुरीला घेणारं कोणी भेटलं तरच बागायतदाराचं गणित जमतं.

मोठं फळही आता अडतं. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्या देशाने आयात शुल्क वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांवर नेलं आणि वरूड-मोर्शीकडच्या बागांत भाव कोसळले. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा फळप्रक्रिया कारखाना सुरू झाला. दिवसाला ८०० टन फळ हाताळायची त्याची क्षमता असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तिथे चुरी किती जाते आणि काय भावाने, ते काटोलच्या पारावर विचारावं. तिथला आकडा जास्त खरा असतो.

बर्फीच्या एका डब्यात संत्री लागतात तरी किती? माझ्या आजीच्या मापाने पाच. कोट्यवधी संत्र्यांच्या हंगामापुढे हे थेंबभर आहे. तरीही नागपूरहून परत जाताना लोक पाच किलो संत्र्यांची जाळी सोडून डबाच उचलतात, कारण जाळीतली तिसऱ्या दिवशी मऊ पडतात.

जाता जाता, पत्ता

डबा मागवायचा असेल तर डिसेंबर ते मार्च या काळात मागवा. आंबिया आणि मृग दोन्ही बहारांची फळं तेव्हाच बाजारात असतात. घरी बर्फी करणाऱ्यांनाही हाच मोसम. उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. गार वडीत सालीचा वास दबून जातो.

आणि डब्यावरचा 'भंडारा रोड' वाचून जर कोणी थेट कारखाना बघायला निघालं, तर एक सांगून ठेवतो. हावडा-नागपूर मार्गावर भंडारा रोड नावाचं रेल्वे स्टेशन खरंच आहे. रेल्वेच्या भाषेत स्टेशनला 'रोड' लागला की समजायचं, गाव इथे नाही, इथून रस्त्याने जावं लागेल. आमच्या जिल्ह्यात तुमसर रोडही असंच आहे, देव्हाडीला. तर भंडारा रोड स्टेशन आहे वरठीला, शहरापासून दहाएक किलोमीटर लांब, आणि बर्फीवाल्या भंडारा रोडपासून त्याहून कितीतरी जास्त. बर्फीसाठी वरठीला उतरू नका. नागपूरलाच उतरा, डबा घ्या, आणि मग आमच्याकडे या. हात हलवत येऊ नका एवढंच.